दबून बसणारे पिल्लू

एका जंगलाच्या कडेला, खडकाळ माळावर एक टिटवी पिल्लांना घेऊन राहत असे. मुलांनो, टिटवीच्या पिल्लांना उडता येत नाही. आकाशात घार दिसली की आई मोठ्याने इशारा करते आणि पिल्ले जागच्या जागी दबून बसतात. मग ती मातीच्या ढेकळासारखी दिसतात. या टिटवीचे थोरले पिल्लू, म्हणजे सगळ्यांची ताई, इशारा होऊनही पळाले. घारीने ते उचलले. मागे त्याचे दोन भाऊ उरले, एक मोठा आणि एक धाकटा.

धाकटाही तसाच पळणारा. टिटवी इतकी घाबरली की दिवसभर ओरडू लागली. तो पाण्याकडे गेला, ओरडली. नाकतोड्यामागे धावला, ओरडली. आणि दरवेळी घारीचाच इशारा. धाकट्याने कान देणेच सोडले. साळुंकी हसून म्हणाली, "टिटवीबाई, इतकं ओरडता, घारीलाच पत्ता कळायचा." टिटवीने चिडून धाकट्याला टोचले, तर तो आणखी लांब पळाला.

मोठ्याला राहवले नाही. "तो पळाला की ओरडतेस," तो आईला म्हणाला. "मघाशी तो किती छान दबून बसला होता. तेव्हा तू किडे टिपत होतीस. ताईसुद्धा एकदा तशीच बसली होती, आई. कुणी बघितलंच नाही."

दुसऱ्या दिवसापासून टिटवीने मोठा इशारा फक्त घारीसाठी ठेवला. एरवी धाकटा भलतीकडे निघाला, तर ती शेजारी चालत जाऊन त्याला वळवून आणी. ती त्याच्याबरोबर दबून बसण्याचा खेळ खेळू लागली. तो नीट बसला की लगेच पंखाखाली घेऊन म्हणे, "शाब्बास माझ्या राजा, पाय पण हलला नाही तुझा." धाकट्याला ते फार आवडले. तो आपणहून बसून दाखवू लागला.

एके दुपारी तो उघड्यावर एकटा असताना घार आली. टिटवीने इशारा केला आणि धाकटा होता तिथेच मातीला चिकटला. घारीची सावली त्याच्या पाठीवरून गेली, फिरून पुन्हा गेली. तो हलला नाही. तेवढ्यात टिटवी बाणासारखी वर झेपावली आणि तिने घारीला पार जंगलापलीकडे पिटाळले.

मोठा धावत आला, पण त्याला नुसती ढेकळेच दिसली. मग त्यातलेच एक ढेकूळ हळूच म्हणाले, "दादा, मी दिसलो का रे?"

"नाही," मोठा म्हणाला. "कुणालाच नाही."

तात्पर्य : लेकरू चुकले की ओरडायला सगळेच असतात, ते नीट वागते तेव्हा जो बघतो आणि शाबासकी देतो, त्याचेच ते ऐकते.