डावखुऱ्यांचं शहर

"उद्या दुपारी या शहराचं नाव सांगायचं. नाही सांगितलंस, तर घोडी सरकारजमा!"

हुजऱ्याने हुकूम ऐकवला, गेणू टांगेवाल्याच्या हातात एक फोटो कोंबला आणि तो चालता झाला. गेणू मटकन खाली बसला. त्याची चंद्री मात्र निवांत चारा चघळत होती. तिला बिचारीला काय कल्पना!

"बा, काय करून बसलास?" धुरपीने विचारलं. गेणूची ही एकुलती एक लेक. चंद्री शिंगरू असल्यापासून तिचं सगळं धुरपीनेच केलेलं.

"जीभ घसरली, पोरी. अड्ड्यावर बोलून गेलो, नुसती गल्ली दावा, गाव सांगतो! ते दिवाणसाहेबांच्या कानावर गेलं."

दिवाणसाहेबांना कुणीतरी बकरा हवाच होता. भिवकुंडचे अवधूतराव महाराज नुकतेच देशाटन करून आले होते. सोबत आणले ढीगभर फोटो, सगळे स्वतः काढलेले, स्वतः धुतलेले, काचेवरून कागदावर स्वतः छापलेले! रोज दरबारात एक फोटो दाखवायचा आणि शहर ओळखायला लावायचं, हा नवा नाद. ताजमहाल दिसला की आग्रा म्हणायला काही अक्कल लागत नाही. पण हा एक फोटो काही केल्या कुणाला ओळखता येईना. लाहोर म्हणावं तर महाराज म्हणत, "छे!" म्हैसूर म्हणावं तर, "हॅट्!" खरी गंमत अशी, की महाराजांना स्वतःलाच ते शहर आठवत नव्हतं! पण राजाने तसं कबूल कसं करायचं? रोज त्यांचा पारा चढू लागला, तेव्हा दिवाणांनी हळूच गेणूचं नाव पुढे केलं.

धुरपीने फोटो उन्हात धरला. उंचावरून घेतलेला एक रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, पाटी एकही नाही. एका घराच्या सज्जात दोरीवर धोतरं वाळत होती. आणि रस्त्यावर माणसंच माणसं.

"बा, ह्या माणसांची तोंडं कुठं हाईत?"

"तोंडं घेऊन काय चाटायची हाईत? घोडी चालली माझी!"

धुरपी बघतच राहिली. मग तिने आपला उजवा हात कपाळापाशी नेला, मग डावा नेला, आणि खुदकन हसली.

"बा, रडं पुरं कर. चंद्रीला पाणी दाव. ती कुठं जात न्हाई!" आणि ती शेजारच्या न्हाव्याकडे त्याचा आरसा मागायला पळाली.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. गेणू लेकीला घेऊन हजर झाला.

"काय टांगेवाले!" दिवाण मिशीत हसले. "गल्ली दाखवली. आता गाव सांगा."

"मी सांगते, सरकार," धुरपी पुढे झाली. "पर आधी एक इचारू? सरकार परमुलखात फिरले, तिथं रस्त्यावरची माणसं मुजरा करायची?"

महाराजांचं तोंड वाकडं झालं. "मुजरा कसला! एकाने तर बाजूला व्हा म्हणून ढकललं मला!"

"मग ह्या फोटोत समदी कंबरंत वाकल्यात, ती कुणापुढं?"

महाराजांनी फोटो ओढून घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. खरंच की! पागोटी आणि पाठी, पाठी आणि पागोटी! जन्मापासून हेच बघत आल्यामुळे त्यांना त्यात वावगं काही दिसलंच नव्हतं.

"सरकारांपुढं वाकणारं शहर एकच," धुरपी म्हणाली. "आपलं भिवकुंड!"

"अशक्य!" दिवाण उसळले. "जन्म गेला माझा इथे! आणि हा सज्जा बघा, भर रस्त्यावर धोतरं वाळत घातलीत. असलं गबाळं घर आपल्या राजधानीत एकही नाही!"

"दिवाणसाहेब, मुजरा कंच्या हातानं करत्यात?"

"उजव्या! डाव्या हाताने करील त्याला फटके!"

"मग नीट बघा. ह्यातला एकूण एक माणूस डावखुरा हाय!"

महाराज फोटोतला एकेक हात बोटाने तपासू लागले.

"आता सरकारांनीच ठरवावं," धुरपीने हात जोडले. "एक तर समदं शहर उर्मट हाय, न्हाईतर फोटो छापताना काच पालथी पडलीया. शहराला फटके द्यायचे, का काच सुलटी करायची?"

असं म्हणून तिने पदराआडून आरसा काढला आणि फोटोसमोर धरला. डावं ते उजवं झालं, आणि एकच गलका उठला.

"अरेच्चा! ही तर आपली पेठ!"

"तो कासाराचा ओटा! ते मारुतीचं देऊळ!"

"आणि हे धोतरवालं घर..." महाराज पुटपुटले.

सगळ्या माना दिवाणांकडे वळल्या. दिवाणसाहेब छताचं नक्षीकाम बघू लागले.

महाराजांना आत्ता कुठे आठवलं. देशाटनाला निघायच्या दिवशी त्यांनी पेठेत हत्ती थांबवून नवा कॅमेरा पहिल्यांदा चालवून बघितला होता! ते कानकोंडे झाले आणि मग दरबाऱ्यांवर उखडले. "एवढे शहाणे पोसले मी! एकालाही दिसू नये?"

"त्यांना कसं दिसावं, सरकार?" धुरपी म्हणाली. "तीबी वाकलेलीच. सरकारांचे जोडे दावा, अंधारातबी वळखतील!"

गेणूने भीतीने डोळे मिटून घेतले. महाराजांनी आपल्या जोड्यांकडे बघितलं, मग समोरच्या पागोट्यांकडे बघितलं, आणि ते असे हसले, असे हसले, की त्यांचंच पागोटं मांडीवर आलं!

चंद्री गेणूकडेच राहिली. वर तिला जन्मभर सरकारी कुरणात चरायची मोकळीक मिळाली आणि धुरपीला जरीचं लुगडं. महाराजांनी बापलेकीचा आणि घोडीचा स्वतः फोटो काढला. "खबरदार, कुणी मुजरा कराल तर!" त्यांनी आधीच बजावलं.

फोटो छापून झाला, तेव्हा तो महालात लावण्याआधी महाराजांनी धुरपीकडे पाठवला. सोबत निरोप होता, "पोरी, घोडी सुलटी आहे ना, तेवढं बघून सांग!"