अस्वलाची खुकरी

ही फार जुनी गोष्ट आहे. त्या काळी डोंगरातली माणसं मीठ आणायला पाठीवर टोपल्या बांधून महिना महिना चालत जायची आणि आणलेलं मीठ राजाच्या कोठारात जमा करायची. हिमालयाच्या कुशीतल्या अशाच एका गावात मिठाच्या कोठाराचा एक कोठावळा राहत होता. आईबापांनी मोठ्या हौसेनं त्याचं नाव रणध्वज ठेवलं होतं. पण रणध्वजानं पन्नास वर्षांत रण काही पाहिलं नव्हतं, पाहिलं होतं ते मीठ. सकाळी मीठ मोजायचं, दुपारी मीठ झाकायचं, संध्याकाळी कुलूप लावून घरी यायचं. त्याची बायको तिलमाया म्हणायची, "आमच्या घरात आमटीला मीठ घालावं लागत नाही. हे नुसते शेजारी येऊन बसले तरी पुरतं."

या रणध्वजाला एक नाद होता. तो खुकऱ्या जमवायचा.

खुकरी तुम्हाला ठाऊकच असेल. पुढे झुकलेलं, पोटाशी रुंद झालेलं ते नेपाळी पातं. डोंगरात प्रत्येक घरी एक तरी असतंच. लाकूड फोडायला तेच, भाजी चिरायला तेच आणि वेळ आली तर जीव वाचवायलाही तेच. पण रणध्वजाच्या घरी एकवीस होत्या. बैठकीच्या भिंतीवर एकवीस खुंट्या आणि एकेका खुंटीवर चामड्याच्या म्यानातली एकेक खुकरी.

त्या सगळ्या त्यानं एकाच फेरीवाल्याकडून घेतल्या होत्या. हा फेरीवाला दर हिवाळ्यात यायचा, ओसरीवर बसून गरम चहा मागायचा आणि खुकरी म्यानातून न काढताच तिची कहाणी सुरू करायचा. ही हाती घेऊन एका वीरानं अस्वलाशी एकट्यानं झुंज दिली. हिच्या एका घावात वाघाचं शीर धडावेगळं झालं. ही एका सेनापतीच्या कमरेला होती, तो पडला तरी हिनं त्याचा हात सोडला नाही. कहाणी संपेस्तोवर रणध्वजाचे डोळे पाणावलेले असायचे आणि हात बटव्यात गेलेला असायचा. पातं कसं आहे, मूठ कशी बसवली आहे, हे त्यानं कधी पाहिलंच नाही.

त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, ओढ्याकाठी, एका लोहाराची भट्टी होती. लोहार वारला होता. त्याचा मुलगा घण मारायचा आणि त्याची म्हातारी बायको पात्यांना पाणी द्यायची. रणध्वज रोज त्या भट्टीवरून कोठाराकडे जायचा, पण आत कधी डोकावला नाही. तिथल्या खुकऱ्या ताज्या होत्या. त्यांना कसली कहाणी नव्हती. गावातले इतर लोकही त्याचं पाहून फेरीवाल्याकडेच वळले होते, त्यामुळे भट्टी आता आठवड्यातून दोनच दिवस पेटायची. येत्या वर्षी ती बंद करून मुलगा हमाली करायला खालच्या मुलखात जाणार, असं ठरत आलं होतं.

फेरीवाल्यानं रणध्वजाला आणखी एक गोष्ट शिकवली होती. "वीराची खुकरी म्यानातून निघाली, की रक्त चाखल्याशिवाय परत जात नाही," तो म्हणाला होता. "आणि ते रक्त पुसायचं नाही. रक्त पुसलं की शौर्य पुसलं."

झालं. पाहुणा आला, की रणध्वज खुकरी उपसायचा, पाहुण्याला दाखवायचा आणि परत ठेवण्याआधी आपल्या बोटाला हळूच टोचायचा. पाहुण्यांची ये-जा बरीच होती. त्यामुळे त्याच्या दहांतल्या सात-आठ बोटांना कायम चिंध्या बांधलेल्या असायच्या. तो मीठ मोजायचा तेव्हा कोठारातून असे काही आवाज यायचे, की बाहेर उभे असलेले हमाल एकमेकांकडे बघायचे. सणासुदीला तिलमाया त्याला हातानं भरवायची. भरवताना म्हणायची, "अहो, अस्वलानं सुद्धा इतकं रक्त काढलं नसतं."

एकदा तिनं एक खुकरी भोपळा फोडायला मागितली. रणध्वज दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

मग एके दिवशी राजाचा हलकारा निरोप घेऊन आला. महाराज घाटाकडे निघाले होते. राजवाड्याच्या शस्त्रागाराचा जुना रखवालदार थकला होता, त्याच्या जागी कुणी जाणकार माणूस हवा होता. कोठावळ्याच्या खुकऱ्यांची कीर्ती महाराजांच्या कानावर गेली होती. तिसऱ्या दिवशी ते स्वतः त्या पाहायला येणार होते आणि जेवणही इथंच घेणार होते.

रणध्वजाला त्या रात्री झोप आली नाही. मिठातून सुटका होणार होती. सकाळी उठून त्यानं एकवीसही खुकऱ्या उपसून ओळीनं मांडल्या. सगळ्या पात्यांवर तांबडे, काळे डाग पडले होते; महाराजांपुढे अशी पाती ठेवायची कशी?

"आता?" तो म्हणाला.

"आता ओढ्यावरच्या म्हातारीला बोलवा," तिलमाया म्हणाली. "दुसरं आहे कोण?"

म्हातारी आली. सोबत दगड, राख आणि मोहरीचं तेल घेऊन आली. ओसरीवर उन्हात बसली आणि पहिली खुकरी उचलून डोळ्यांजवळ नेली.

"बाबा रणध्वजा, हे डाग कसले?"

"रक्ताचे," रणध्वज जरा छाती काढून म्हणाला.

"कुणाच्या?"

रणध्वजानं बोटं दाखवली. म्हातारीनं ती एकेक करून पाहिली. मग ती इतकी हसली, की तिला दगड खाली ठेवावा लागला.

"अरे, रक्तानं लोखंड गंजतं. माझी सारी हयात खुकऱ्यांत गेली, रोज माझी खुकरी काढते, आलं चिरते, पुसते, ठेवते. तिनं आजवर माझ्याकडे रक्त मागितलं नाही. तुझ्याकडेच बरी मागते."

रणध्वजाला राग आला, पण डाग तर काढायचे होते. त्यानं राख तिच्यापुढे सरकवली. म्हातारीनं राखेनं पातं घासलं, तेलाचा हात फिरवला आणि मुठीजवळची एक बारीक खूण पाहून ती थबकली. भाताच्या लोंबीसारखी खूण होती.

"ही इथं कशी आली?"

"तिच्यावर हात जपून ठेवा, आजी. हिनं अस्वल मारलंय."

"हिनं भोपळे मारलेत," म्हातारी म्हणाली. "ही लोंबी आमच्या ह्यांची खूण. पलीकडच्या गावात लग्नाचा स्वयंपाक करणारा एक आचारी होता, त्याच्यासाठी घडवली. तो डावखुरा होता. मूठ धरून बघ, उजव्या हाताला रुतेल."

रणध्वजानं मूठ धरली. ती रुतली. ती नेहमीच रुतायची, आणि वीराची मूठ अशीच कठोर असणार, असं तो पाहुण्यांना सांगत आला होता. आता त्यानं खुकरी डाव्या हातात घेतली. मूठ तळव्यात अशी जाऊन बसली, की जणू कुणी हात मिळवला. वजन आपोआप पुढे गेलं. मनगटाला काही करावंच लागलं नाही. रणध्वज तिच्याकडे बघत राहिला. नऊ वर्षं ही खुकरी त्याच्या भिंतीवर होती आणि आज त्यानं ती पहिल्यांदा नीट हातात धरली होती.

"आणि हा धारेवरचा काळसर पट्टा दिसतो?" म्हातारी सांगत होती. "हे माझं काम. पातं लाल झालं, की झारीतून फक्त धारेवर पाणी सोडायचं. धार कडक व्हायला हवी, पाठ मऊ राहायला हवी. पाठीवर थेंब पडला, की पातं तडकलं. इथं पट्टा जरा वाकडा गेलाय ना? त्या दिवशी आमचं दोघांचं भांडण झालं होतं."

दुपारपर्यंत म्हातारीनं एकवीसपैकी सतरा खुकऱ्या ओळखल्या. वाघाची खुकरी एका सासूनं सुनेला दिली होती. सेनापतीची खुकरी एका गुराख्याची होती, झाडाचा पाला तोडायची. लोकांनी जुनी भांडी मोडीत काढताना त्याही फेरीवाल्याला देऊन टाकल्या होत्या.

रणध्वज म्हातारीजवळ सरकला. "आजी," तो म्हणाला, "परवा महाराज आले, की यातलं काही बोलू नका."

"मी कशाला बोलू? मी आत तिलमायाला भाजी चिरू लागेन. पण कुणी विचारलं, तर मला खोटं सांगता येत नाही. वय झालं, आदल्या दिवशीचं खोटं दुसऱ्या दिवशी आठवत नाही."

तिसऱ्या दिवशी महाराज आले. तरणे होते, चालून दमले होते आणि स्वयंपाकघरातून येणाऱ्या वासाकडे त्यांचं सारखं लक्ष जात होतं. तरी ते शांतपणे बैठकीत बसले. रणध्वजानं पहिली खुकरी उपसली, अस्वलाची कहाणी सांगितली आणि ठेवताना बोट टोचलं. हा मूर्खपणा आहे, हे आता त्याला कळत होतं. पण मधेच थांबलं तर कारण विचारतील, या भीतीनं तो टोचत राहिला.

"हे काय करताय?" महाराजांनी विचारलं.

"रीत आहे, महाराज."

वाघ झाला, दोन डाकू झाले, एक पिसाळलेला हत्ती झाला. पाचव्या खुकरीला शाबूत बोट सापडेना, तेव्हा त्यानं अंगठा पुढे केला. महाराजांच्या सोबतच्या वैद्यानं नजर दुसरीकडे वळवली. सहावी खुकरी सेनापतीची. रणध्वजाचा आवाज चढला. "महाराज, आपले आजोबा कड्यावरून उडी घेऊन शत्रूवर कोसळले, तेव्हा हीच त्यांच्या सेनापतीच्या हातात होती."

"आमचे आजोबा?" महाराज म्हणाले. "त्यांना तर माडीच्या जिन्यावरसुद्धा घेरी यायची. आमच्या आजी त्यांचा हात धरून वर न्यायच्या."

बैठकीत कुणी हसलं नाही. ते जास्तच वाईट होतं.

महाराजांनी खुकरी त्याच्या हातून घेतली. "ते राहू द्या. पातं मात्र सुरेख आहे. हे घडवलं कुणी?"

यावर फेरीवाल्याचं ठरलेलं उत्तर होतं: देवांच्या लोहारानं. रणध्वजानं ते अनेकदा दिलं होतं. आताही ते जिभेवर आलं. तेवढ्यात त्याची नजर पात्याकडे गेली. धारेवरचा पट्टा एकसारखा, टोकापर्यंत न हललेला, एका दमात ओतलेल्या पाण्याचा. ते पाणी ज्या हातानं सोडलं, तो हात आत भोपळा चिरत होता. हे देवाच्या नावावर घालायला रणध्वजाची जीभ वळेना.

"महाराज," तो म्हणाला, "ही ओढ्याकाठच्या भट्टीत घडली. एका गुराख्यासाठी. पाला तोडायला."

"आणि ती अस्वलाची?"

"भोपळ्याची."

"वाघाची?"

"सासूची, महाराज. म्हणजे सुनेची. आलं चिरायची."

"हत्ती?"

"हत्तीचं अजून कळलेलं नाही," रणध्वज प्रामाणिकपणे म्हणाला.

आता मात्र महाराजांना आवरलं नाही. ते हसू लागले, मग वैद्य हसला, मग दारातले शिपाई हसले. रणध्वज मान खाली घालून रक्ताळलेला अंगठा धरून उभा राहिला.

महाराज उठून थेट स्वयंपाकघरात गेले. म्हातारीनं लोंबीची खूण दाखवली, धारेवरचा पट्टा दाखवला, भांडणाचं सांगितलं. महाराजांनी तिच्या हातातली खुकरी घेऊन स्वतः एक भोपळा फोडला. एकाच घावात दोन सारख्या फाका झाल्या. मग ते रणध्वजाकडे वळले.

"कोठावळे, तुम्ही एकवीस थापा विकत घेतल्यात आणि त्यांच्याबरोबर या खुकऱ्या तुम्हाला फुकट मिळाल्या. त्या फेरीवाल्याला काय देतोय ते कळलं नाही आणि तुम्हाला काय घेताय ते कळलं नाही. नुकसान झालं ते बोटांचं. पण शस्त्रागार तुमच्या हाती द्यायला माझा धीर होत नाही. तिथं तीन हजार पाती आहेत. आठ दिवसांत तुमच्यात रक्त उरायचं नाही."

मग त्यांनी म्हातारीला आपल्या रक्षकांसाठी शंभर खुकऱ्या घडवायला सांगितल्या.

"वर्षाला तीस होतील," म्हातारी म्हणाली. "घाई असेल तर दुसरीकडे बघा."

महाराज थांबायला तयार झाले. मुलगा हमालीला गेला नाही आणि भट्टी रोज पेटू लागली. शस्त्रागाराची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. रणध्वज मीठच मोजत राहिला.

महाराज गेल्यावर चार दिवस तो लाजेनं घराबाहेर पडला नव्हता. पाचव्या दिवशी कोठाराकडे जाताना ओढ्याशी थांबला आणि भट्टीत शिरला. म्हातारीनं काही न विचारता त्याच्या हातात झारी दिली. त्यानं पाणी सोडलं, झारी हलली, थेंब पाठीवर गेला आणि पातं टणकन तडकलं.

"उद्या ये," म्हातारी म्हणाली.

तो उद्या आला. परवाही आला. तीन पाती त्यानं वाया घालवली आणि त्यांच्या भरपाईला भट्टीचा भाता ओढून दिला. हिवाळा सरेपर्यंत त्याची बोटं पुरती बरी झाली होती, आणि ज्या दिवशी पट्टा टोकापर्यंत सरळ गेला, त्या दिवशी म्हातारीनं ते पातं उन्हात धरून बराच वेळ पाहिलं आणि नुसती मान डोलावली. एकवीस कहाण्या ऐकताना भरला नव्हता, इतका रणध्वजाचा ऊर तेव्हा भरून आला.

तात्पर्य: ज्याला वस्तू पाहता येते, त्याला तिच्याबद्दलच्या थापा विकत घ्याव्या लागत नाहीत.