पिसावरची रेघ

पूर्वी कुसुंभनगरीत दृढवर्मा नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाचा जन्म ससाणे शिकवणाऱ्यांच्या घराण्यात झाला होता. त्याचे नाव दीर्घक. राजाच्या पक्षिशाळेचा तो मुख्य होता. त्याच्या हाताखाली दहा वर्षे शिकलेला मल्लक नावाचा श्येनपालही, म्हणजे ससाणे सांभाळणारा, तिथेच काम करी. मल्लकाला पक्ष्यांची जाण चांगली होती. खोड एवढीच, की आपण चांगले आहोत हे त्याला रोज कोणीतरी सांगावे लागे, आणि बोधिसत्त्व ते वर्षातून एकदाही सांगत नसे.

वैशाख संपता संपता वनवासी लोकांनी डोंगरातून ससाण्याचे एक पिल्लू आणले. छातीवर तपकिरी ठिपके, पायांची बोटे हळदीसारखी पिवळी, आणि अंगापेक्षा राग मोठा. राजाला ते फार आवडले. आवडले तेही ठीक होते, पण राजा त्या भरात शेजारच्या राज्याच्या राजाला निरोप धाडून बसला, की पौर्णिमेला शिकारीला या, आमचा नवा ससाणा तुमच्या डोळ्यांदेखत ससा धरील, पैज लावा. पौर्णिमेला एकवीस दिवस उरले होते.

बोधिसत्त्वाने दरबारात पिल्लू हातात घेतले, त्याचा पंख उघडून पाहिला आणि तो राजाला म्हणाला, "महाराज, याच्या पिसांच्या देठांत अजून रक्त आहे. पिसं वाढताहेत. पावसाळा सरू द्या. आश्विनात मी हा आपल्या हातावर आणून बसवतो."

"पाहुणे आश्विनात येणार नाहीत. एकवीस दिवसांत होईल की नाही ते सांग."

"नाही होणार, महाराज."

राजाला हा शब्द ऐकायची सवय नव्हती. त्याने मान वळवली. "मल्लका, तुला काय वाटतं?"

आचार्य म्हणतात ते खरे आहे हे मल्लकाला पुरते ठाऊक होते. पण भरल्या दरबारात राजाने आपल्याला नावाने हाक मारली याचेच त्याला इतके सुख झाले, की तोंडातून शब्द निसटला, "होईल, महाराज."

"झालं, तर पक्षिशाळेचा मुख्य तू. आणि पाहुण्यांसमोर आमची फजिती झाली, तर ज्या हातावर पक्षी बसवतोस तो हात तुझा राहणार नाही."

बोधिसत्त्वाने पिल्लू मल्लकाच्या हाती दिले.

आता ससाण्याला शिकवायचे म्हणजे काय, तेही सांगितले पाहिजे. ससाण्याला मारून शिकवता येत नाही. मार खाऊन तो मरेल, पण ऐकणार नाही. त्याच्याशी बोलायचे ते मांसाच्या तुकड्याने. पायांत मऊ चामड्याच्या वाद्या, डोळ्यांवर चामड्याची टोपी. ती टोपी रोज थोडा वेळ काढायची, हातमोज्यावर तुकडा ठेवायचा आणि आपण दगडासारखे स्तब्ध बसायचे. पहिल्यांदा तो वळून पाहत नाही. मग एक दिवस खातो. मग हातभर अंतरावरून येतो, मग लांब दोरी बांधली की अंगणाच्या टोकावरून येतो. बोधिसत्त्वाच्या हाती याला चार महिने लागत, आणि त्या चार महिन्यांत पक्षी एकदाही खरा उपाशी राहत नसे.

मल्लकाकडे एवढे दिवस नव्हते. घाईत असलेल्या श्येनपालांची एक जुनी युक्ती होती, ती त्याने काढली. मांस चिरून वाहत्या पाण्यात धुवायचे, पिळायचे, पुन्हा धुवायचे. रक्त आणि कस निघून गेला की उरतो तो पांढरा चोथा. पक्षी तो खातो, त्याचे पोट फुगते, पण अंगी काही लागत नाही. दोन-तीन दिवसांत भुकेने त्याचा माज उतरतो आणि तो हाकेला धावत येतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मल्लक विहिरीजवळ बसून मांस पिळत होता. परातीतले पाणी गुलाबी झाले होते. बोधिसत्त्व तिकडून चालला होता. तो थांबला. त्याने परातीकडे पाहिले, मल्लकाकडे पाहिले आणि तसाच पुढे निघून गेला. मल्लकाने परात अंगाआड ओढली. पण आचार्य बोलले नाहीत, तेव्हा यात फारसे वावगे नसणार, असे म्हणून त्याने मनाची समजूत घातली. चुकताना आपल्याला असा एखादा आधार मिळाला, की आपण तो घट्ट धरून ठेवतो.

त्याची बायको पद्मिका मात्र बोलल्यावाचून राहणारी नव्हती. "काय हो, असं धुतलेलं जेवण उद्यापासून तुम्हालाही वाढू का?"

"तुला यातलं काही कळत नाही."

"पक्ष्यातलं नाही कळत. भुकेतलं कळतं."

मल्लकाने ते हसण्यावारी नेले. सातव्या दिवशी पिल्लू हातावर आले, दहाव्या दिवशी अंगणाच्या टोकावरून, तेराव्या दिवशी दोरी सोडल्यावरही. राजा स्वतः पाहायला आला आणि त्याने मल्लकाच्या खांद्यावर हात ठेवला. मल्लक पुढचे दोन दिवस जमिनीपासून वीतभर वरूनच चालत होता. आता तो पक्ष्याला चांगले मांस पोटभर देऊ लागला होता, आणि पक्षी दिसायलाही भरला होता. सारे सुरळीत होते.

अठराव्या दिवशी बोधिसत्त्व त्याच्या दाराशी आला. "मल्लका, त्याला जरा उन्हात आण."

त्याने पक्ष्याची शेपटी बोटांनी पंख्यासारखी उलगडली. बाराही पिसांवर, एकाच ओळीत, एक फिकट रेघ आडवी गेली होती. कोणी कोळ्याचा धागा ओढून ठेवावा तशी. पंखांवरही तीच.

"वाढत्या पिसाला त्या दिवसाचं अन्न त्या दिवशीच लागतं," बोधिसत्त्व म्हणाला. "जे दिवस उपाशी गेले, त्यांची जागा अशी राहते. नंतर कितीही खाऊ घातलंस तरी ती भरून येत नाही. पुढच्या वर्षी नवी पिसं येईपर्यंत पीस तिथं पोकळ. ससा पळता पळता एकदम वळतो. त्याच्यामागं वळताना ससाणा सगळा भार शेपटीवर घेतो. तिथं ही पिसं मोडतील, आणि हा भर वेगात जमिनीवर आपटेल. याला सोडू नकोस."

मल्लकाला ते तोंडात मारल्यासारखे झाले. "सोडू नको? म्हणजे मी हात गमवायचा आणि तुम्ही मुख्य म्हणून कायम राहायचं! माझं नाव झालेलं तुम्हाला बघवत नाही, आचार्य."

बोधिसत्त्वाने शेपटी हलकेच मिटली आणि तो निघून गेला.

तो गेल्यावर मल्लकाने पुन्हा शेपटी उलगडली. एकदा, दोनदा, पाच वेळा. रेघ होती तिथेच होती. त्याने तिला तेल चोळून पाहिले. तेलाने पिसे चकाकली आणि त्या चकाकीत रेघ जास्तच उठून दिसू लागली. त्याला पक्ष्याचे वाईट वाटले, पण खरे सांगायचे तर स्वतःच्या हाताचे त्याहून जास्त वाटले. नाही म्हणावे तर फजिती ठरलेली, सोडावे तर पक्षी मरायचा. शेवटी त्याने माणसे करतात तेच केले. कदाचित मोडणार नाही, असे तो स्वतःला सांगत राहिला.

पौर्णिमेच्या सकाळी गवताळ पठारावर दोन्ही राजे घोड्यांवर बसून आले. पाहुण्या राजाचा श्येनपालही आपला पक्षी घेऊन आला होता. पहिला मान यजमानांच्या ससाण्याचा होता. हाकारे झुडपे बडवीत पुढे सरकले, आणि करवंदीच्या जाळीतून एक ससा उसळी मारून बाहेर पडला.

"सोड!" राजा ओरडला.

मल्लकाने टोपी काढली. पक्ष्याने ससा पाहिला आणि त्याची पकड हातमोज्यावर घट्ट झाली. मल्लकाने हात मागे नेला, आणि तेवढ्यात कोणीतरी पुढे होऊन पायांतल्या वाद्या धरल्या. तो बोधिसत्त्व होता. ससा दोन वळणे घेऊन गवतात दिसेनासा झाला.

राजाचा चेहरा लाल झाला. "दीर्घका, काय केलंस हे?"

"महाराज, हा उडाला असता तर मेला असता. याच्या पिसांवर उपासाची रेघ आहे." बोधिसत्त्वाने शेपटी उलगडून दाखवली. "याला भरवायचं मांस धुतलं जात होतं, ते मी तिसऱ्या दिवशी पाहिलं. तिथंच एक शब्द बोललो असतो तर ही रेघ एवढी पडली नसती. मी बोललो नाही. आपण माझ्याकडून पक्षी काढून घेतलात, त्याचा मला राग आला होता. माझ्याविना कसं होतं ते पाहू दे, असं मनात आलं, आणि मी निघून गेलो. अठराव्या दिवशी बोलायला गेलो, तेव्हा बोलून उपयोग नव्हता. पक्षिशाळेचा मुख्य मी आहे. फजितीची शिक्षा मला व्हावी." त्याने हातमोजा काढला आणि हात पुढे केला.

आचार्यांनी मांस कोणी धुतले ते सांगितलेच नव्हते. आपण गप्प राहिलो तर सुटलो, हे मल्लकाला लख्ख दिसत होते. आणि त्याच वेळी त्याला हेही कळले, की त्या दिवशी विहिरीजवळ ज्या माणसाला आपण आधार मानला, त्याला आज आपण तसेच टाकून निघालो आहोत. त्याला स्वतःची विलक्षण लाज वाटली. तो पुढे झाला.

"मांस मी धुतलं, महाराज. रेघ दिसल्यावरही मी सोडायला निघालो होतो. हात माझा आहे."

राजा घोड्यावरून उतरला. त्याने पक्ष्याच्या शेपटीचे एक पीस दोन बोटांत धरून जरासे वाकवले. रेघेवर ते काट्कन मोडले आणि तुकडा त्याच्या तळहातावर राहिला.

"एकवीस दिवस कोणी ठरवले?" त्याने विचारले.

उत्तर सगळ्यांनाच माहीत होते.

"विचारतो आहे मी. एकवीस दिवस कोणी ठरवले?"

बोधिसत्त्वही या वेळी बोलला नाही, कारण आता ते बोलायचे काम त्याचे नव्हते.

"मी ठरवले," राजा म्हणाला. मग तो पाहुण्या राजाकडे वळला. "आमचा ससाणा आज उडणार नाही. पैज तुम्ही जिंकलात. आणि हात कापायचेच झाले तर आमच्यापासून सुरुवात करावी लागेल, म्हणून तो विचार आम्ही सोडून देतो."

पाहुण्या राजाच्या श्येनपालाने आपल्या पक्ष्याची उघडी शेपटी हळूच मुठीत मिटून धरली. ते मल्लकाच्या नजरेतून सुटले नाही, पण तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने मात्र त्याला विहिरीजवळची सकाळ आठवली. तो त्या माणसाजवळ गेला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "दादा, मांस धुणं बंद कर. मी सांगतो का ते."

पुढे ससाण्याला वर्षभर पोटभर खाऊ घातले गेले. नवी पिसे आली, ती अखंड होती. बोधिसत्त्वाच्या विनंतीवरून राजाने स्वतःच्या हाताने त्याच्या पायांतल्या वाद्या कापल्या, आणि ज्या डोंगरातून तो आला होता तिकडे तो उडून गेला. राजाने पुन्हा ससाण्यांवर पैज लावली नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, विहारात सांगितली, तेव्हा समोर दोन भिक्षू मान खाली घालून बसले होते. अतिकडक उपासांनी एका नवख्या भिक्षूचे शरीर खंगले होते. एकाने ते उपास करायला लावले होते, आणि दुसऱ्याने पाहूनही मानापमानापायी तोंड उघडले नव्हते. कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे आज इथे बसलेला उपासक मेघिल. मल्लक म्हणजे उपास लावणारा हा भिक्षू सोमदत्त, आणि ससाणा म्हणजे तो नवखा भिक्षू. आणि भिक्षूंनो, विहिरीजवळून न बोलता निघून गेलेला तो श्येनपाल, तो मीच होतो."

दुसऱ्या भिक्षूने चमकून वर पाहिले. आपले नाव येईल या धास्तीत तो इतका वेळ बसला होता. त्याने उठून वंदन केले आणि आपला दोष स्वतःच्या तोंडाने सांगितला. स्वतःकडे बोट दाखवून खरे बोलणे, या सत्य नावाच्या पारमितेची, म्हणजे बोधिसत्त्वाने पूर्णत्वाला नेलेल्या गुणाची, ही कथा आहे.