खडकांची नावे

नद्यांनाच लोक रस्ते म्हणत, तेव्हाची ही गोष्ट. एका राज्यात एक मोठी नदी होती आणि तिच्या वाटेत खडकांची लांब रांग होती. वरून गूळ आणि तीळ घेऊन येणाऱ्या होड्या तिथे थांबत. खालच्या बंदरातून मीठ घेऊन येणाऱ्या होड्याही तिथेच थांबत. मधला अर्धा कोस माल डोक्यावरून न्यावा लागे. तो वाहणाऱ्यांचे गाव तिथेच काठावर होते. जमीन मुरमाड, शेती नावापुरती. गाव जगत होते ते खडकांमुळे.

या अर्ध्या कोसाचे पाच टप्पे होते. एकेक टप्पा एकेका घराचा. उन्हाळ्यात पाणी उतरले की माणसे ओझी घेऊन खडकांवरूनच चालत, आणि प्रत्येक घराने आपल्या खडकांना नावे ठेवली होती. ती नावे दुसऱ्या घराला सांगायची नाहीत, अशी रीत होती. नाव सांगितले की टप्पा गेला, असे जुनी माणसे म्हणत.

बातमी आली तो दिवस अगदी रोजच्यासारखा होता. तिसऱ्या टप्प्याची भिवरा डोक्यावर ओझ्याखाली ठेवायच्या चुंबळी उन्हात वाळत घालत होती. मुकादम, ज्याच्याकडे चौथा टप्पा होता, मिठाच्या गोणीचे तोंड शिवत होता. तेवढ्यात बंदराकडून एक होडीवाला आला.

"मुकादम, सुई ठेवा खाली," तो म्हणाला. "आमच्या सुतारानं चपट्या बुडाची होडी बांधलीय. दोन्ही टोकांना सुकाणू. पावसाळा सरला, नदी भरलेली असली, की ती खडकांवरून सरळ उतरणार."

"मग आम्ही काय करायचं?" भिवराने विचारले.

"काठावर बसायचं आणि हात हलवायचा."

दसऱ्याच्या सुमाराला सुतार आला. त्याने होडी बैलगाडीवरून वरच्या घाटाला नेली, गुळाने भरली आणि पाण्यात सोडली. सारा गाव काठावर जमला. दोन टप्पे होडी सुसाट गेली. तिसऱ्या टप्प्यात ती उंच उडाली, आडवी झाली आणि फुटली. काठावर हशा पिकला. गुळाच्या ढेपा पाण्यात विरघळत गेल्या.

आठ दिवसांनी दुसरी होडी आली. तीही तिथेच फुटली. मुकादमाने सुताराला बाहेर ओढून काढले.

सुतार ओल्या कपड्यांनी बसून राहिला. "होडी चांगली आहे," तो म्हणाला. "पण पाण्याखाली काय आहे, ते मला दिसत नाही."

"दिसायला कशाला हवं?" भिवरा म्हणाली. "दोन्ही वेळा तू बसक्या म्हशीवर आपटलास. तिच्या डावीकडे दीड हातावर मोकळं पाणी आहे."

खडकाचे नाव चारचौघांत उच्चारले गेले होते.

"भिवरे, टप्पा घालवलास," दुसऱ्या टप्प्याची काकी म्हणाली.

"टप्पा तसाही चाललाय, काकी. दोन फुटल्या, तिसरी येईल. तिसरी फुटली तर चौथी. एखादी पोचेलच की. ती पोचायच्या आत आपण तिच्यात बसलेलं बरं."

काकी पाण्यापर्यंत खाली उतरली. मग सुताराला म्हणाली, "माझ्याकडे उखळ आणि मुसळ आहेत. दोन्हीच्या मधून काढशील तर वाचशील."

त्या महिन्यात गावात जी धांदल उडाली, तशी कधी उडाली नव्हती. वाळूत दगड मांडून नदी काढली. आजवर शेजाऱ्याला न सांगितलेली नावे माणसे ओरडून सांगू लागली. एकाच्या खडकाचे नाव सासूबाई निघाले, तेव्हा त्याची बायको आठवडाभर हसत होती. तिसरी होडी बांधताना सुतार रोज येऊन विचारी, "पाणी कुठं वळतं?" आणि ऐकेल तसे सुकाणू तासून बदली.

होडी सुटली. पुढच्या टोकाला चार घरांची चार माणसे अनवाणी उभी होती.

"सासूबाई, उजवीकडून," पहिल्या टप्प्याचा माणूस म्हणाला. "लांबूनच."

"उखळ. आता मुसळ. मधून," काकी म्हणाली.

"म्हैस आली, डावीकडे. थांब. आता तिचं रेडकू. आता सरळ सोड." भिवराने डोळे मिटले होते. ती पायांनी आठवत होती.

काठावरून सारा गाव होडीबरोबर धावत होता. टोप्या उडाल्या, पोरे चिखलात पडली, कुणी मागे वळून पाहिले नाही. मुकादमाचा टप्पाही सरला. अर्ध्या दिवसाचे काम अर्ध्या घटकेत झाले होते. तेवढ्यात मुकादमाने हात वर केला.

"होडी काठाला घ्या."

पाचवा टप्पा त्याच्या धाकट्या भावाचा होता. तिथले पाणी उन्हाळ्यातही उतरत नसे. तो गुडघाभर पाण्यातून पायांनी चाचपत ओझी नेई. गेल्या माघात तो वारला. त्याला मूलबाळ नव्हते; तेव्हापासून तिथली ओझी काठावरून लांबच्या वाटेने जात.

"तुमचा सख्खा भाऊ ना?" सुताराने विचारले. "त्यानं काहीच सांगितलं नाही?"

"मी विचारलं नाही," मुकादम म्हणाला. "एका ताटात जेवत होतो."

त्या काठापासून माल डोक्यावरूनच पुढे गेला. पण गाव उभे राहिले. दहा होड्यांच्या जागी चाळीस येऊ लागल्या. वाटाडे लागले, दोर वळणारे लागले, डागडुजीला सुतार लागले. होड्या थांबत तिथे बाजार भरू लागला. ज्या मुरमाड गावात कुणी मुलगी देत नसे, तिथे राहायला जागा मिळेना.

मुकादम मात्र दर उन्हाळ्यात काठी घेऊन पाचव्या टप्प्यात उतरे आणि तळ चाचपे. सापडलेल्या खडकांना नावे द्या, असे लोक म्हणत. "देऊ," तो म्हणे.

तात्पर्य: जागा दैवाने मिळते आणि अवजार बाहेरून आणता येते, पण मुलूख पुढे जातो तो एकमेकांना विचारलेल्या आणि सांगितलेल्या कसबामुळे.

पाचव्या टप्प्यातल्या खडकांना भावाने ठेवलेली नावे कुणाला कळली नाहीत; नवी द्यायची राहून गेली.