कडेनं धरा

"चूक कुणाची, बुवा? तेवढं सांगा, म्हणजे मी मोकळा!"

दिगंबर साखळकर चपला काढायच्या आधीच ओरडत मठात शिरला. निरंजनबुवांचा जुना शिष्य हा, पण आवाज असा की जणू बुवाच त्याचे नोकर.

मठातला स्वयंपाक माझ्याकडे, त्यामुळे मला सगळं ठाऊक होतं. सकाळी त्याची बायको मंगलवहिनी एकटीच आली आणि माझ्या चुलीपाशी बसून राहिली. डावा गाल सुजलेला. बोटं उमटलेली.

"काय झालं?" बुवांनी विचारलं.

"हिनं लक्ष्मीपूजनासाठी माझा डॉलर घासला! चिंच लावून! अठराशे एक्क्याऐंशीचा अमेरिकन डॉलर, अस्सल चांदीचा. त्यावर निळसर काळी झाक होती. शंभरावर वर्षं लागली ती चढायला. संग्रह करणारे त्या झाकेवर जीव टाकतात, बुवा! आणि बाईसाहेबांना वाटलं, मळ आहे!"

"मग?"

"मग काय! उठला हात. उठणारच ना?"

उठणारच म्हणे! माझ्या हातात उलथनं होतं. वाटलं, द्यावं ह्याच्या टाळक्यात.

"आता तुम्ही तिला सांगा," तो म्हणाला. "माझी माफी मागायची आणि मुकाट्यानं घरी चलायचं. तुमचा शब्द ती मोडायची नाही."

नव्हतीच मोडणार. बुवा 'जा' म्हणाले असते तर गेली असती बिचारी. मला त्याचीच धास्ती होती.

बुवा आपले जपमाळेचे मणी ओढत बसले.

अशा वेळी त्यांचा मला भयंकर राग येतो. अहो, बोला ना काहीतरी!

"नाणं आणलंयस?" शेवटी त्यांनी विचारलं.

दिगंबरनं खिशातून मखमलीची पुरचुंडी काढली आणि हलक्या हातानं उलगडली. आत लखलखीत नाणं. त्यावर एका बाईचा चेहरा, केसांत ओंब्या खोवलेल्या, गाल भरलेला.

बुवांनी ते चटकन उचललं आणि अंगठा चेहऱ्याकडे नेला.

"अहो, अहो! काय करताय!" दिगंबर अर्धा उठला. "कडेनं धरा, कडेनं! आधीच हिनं वाट लावलीय. गालाला बोट लावू नका! पारखणारा पहिल्यांदा गालच बघतो. तिथं एवढासा डाग पडला तरी संपलं सगळं!"

बुवांनी अंगठा मागे घेतला. नाणं कडेनं धरलं, सावकाश मखमलीवर ठेवलं.

स्वयंपाकघराच्या दारात मंगलवहिनी येऊन उभी होती. पदर गालावरून सरकलेला. तो सावरायचंही तिला सुचलं नव्हतं.

बुवांनी तिकडे पाहिलं.

"कुणाच्या गालाला, दिगंबर?"