ठुमकीची खोड

ढगांच्या शेजारी, उंच उंच डोंगरावर एक इवलंसं गाव होतं, बरं का! तिथे गाडी जात नसे. पाहुणे यायचे ते घोड्यावर बसून, वळणावळणाच्या पायवाटेनं. त्या गावात गोजरा नावाची एक गोड मुलगी राहायची, आणि तिची तांबूस, गुबगुबीत घोडी ठुमकी. बाबा ठुमकीवरून पाहुण्यांना घाट चढवायचे. पण बाबांचा पाय मोडला, ते काम बंद झालं, आणि घरात कधी चूल पेटे, कधी पेटेना.

"गोजे, ठुमकीला बाजारात विकून ये. दुसरा इलाज नाही गं," बाबा म्हणाले आणि त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

गोजरा डोळे पुसत निघाली. वाटेत करवंदीच्या जाळीतून आवाज आला, "आई गं!" बघते तर काय! जांभळ्या-गुलाबी पंखांची एक चिमुकली परी, आणि तिचे चंदेरी केस काट्यांत पार गुंतलेले.

"ओढू नकोस हं, दुखतं!"

"नाही ओढत. ठुमकीच्या आयाळीतही काटे अडकतात, मला सवय आहे," गोजरा म्हणाली. आयाळीच्या फणीनं तिनं हळूहळू एकेक केस सोडवला.

परी खुदकन हसली. "माग काय हवं ते! पण एकच हं."

"माझी ठुमकी अशी दिसू दे, की सारा बाजार बघत राहील!"

परीनं फुंकर मारली. आयाळ सोनेरी झाली, खूर चांदीसारखे लखलखले. "पण ऐक, राणी. माझी झळाळी फार नाजूक. ठुमकीची खोड तू बोलून दाखवलीस, की ती विरून जाईल."

आता त्या बाजाराची रीत अशी, की किंमत ठरायची टॉवेलखाली, बोटं दाबून, गुपचूप. पण त्याआधी जनावराची खोड मात्र सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायची. विकणारे भारी चलाख! "खोड? चणे जरा जास्त खातो!" असं म्हणून मोकळे व्हायचे.

ठुमकीभोवती ही गर्दी जमली! घोड्यांवरून पाहुण्यांना घाट चढवणाऱ्या जैतूनबी पुढे आल्या. "काय देखणी आहे! सांग पोरी, खोड काय हिची?"

चण्यांचं उत्तर गोजराच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिच्या मनात आलं, खोटं सांगून विकली, तर ठुमकी धुक्यात थांबेल आणि बिचारी चाबूक खाईल. तिनं मान ताठ केली.

"धुकं पडलं की ती मध्येच थांबते, मावशी. ओढा, रागवा, हलत नाही."

झर्रकन झळाळी उडाली! ठुमकी पुन्हा तांबूस. बाजार खो खो हसला. गोजराला रडू आलं, पण तिनं ठुमकीच्या गळ्यात हात टाकला. "हसा हवं तेवढं! माझी ठुमकी आहे ही!"

जैतूनबी हसल्या नाहीत. "शेवटची कधी थांबली होती?"

"बाबांचा पाय मोडला ना, तेव्हा. बाबा चिडून खाली उतरले आणि एकटेच पुढे गेले. पण पुढे वाटच नव्हती. कडा ढासळला होता."

"म्हणजे घोडी थांबली आणि माणूस पडला." जैतूनबींनी सगळ्यांकडे पाहिलं. "मग खोड कुणाची रे?"

मघाशी हसणाऱ्यांनी माना खाली घातल्या.

"पोरी, माझ्या घोड्यांवर लहान लेकरं बसतात. मला हीच घोडी हवी! ती तुझ्याच दारी राहू दे, लगामही तूच धरायचा. आणि बाबांना म्हणावं, बसल्या जागी माझ्या शिंगरांना थांबायला शिकवा." त्यांनी टॉवेलखाली गोजराची बोटं दाबली, आणि गोजराचे डोळे हे एवढे मोठे झाले!

परतीच्या वाटेवर परी भेटली. "झळाळी परत देऊ का गं?"

"नको, परी! माझी ठुमकी आहे तशीच छान दिसते."

"मला तर ती मघापासून तशीच छान दिसत होती," परी हसून म्हणाली आणि कोवळ्या सोनेरी उजेडात विरून गेली.

तेव्हापासून घाटात सगळ्या घोड्यांच्या पुढे ठुमकी आणि तिच्या पुढे मान ताठ केलेली गोजरा. धुकं दाटलं की मोठमोठे घोडेवाले मागून ओरडतात, "थांबा रे! आधी ठुमकी काय म्हणते ते बघा!"