बांबूआबाचं दार

गेल्या सालची गोष्ट हाय. म्हातारा बांबू आन् टाकून दिलेला प्लास्टिकचा कागद, दोघांनी मिळून परसात काकडीच्या वेलीला उबदार घर केलं. वेल थंडीतबी फुलली.

मधमाशी आली. "बांबूआबा, दार उघडा की."

"आधी नाचून दाखव!"

बिचारी नाचली. आबा खदाखदा हसला, पण दार काय उघडलं नाय. दुसऱ्या दिवशीबी तेच.

वेल म्हणाली, "आबा, चेष्टा पुरे. ती आत आली नाय तर मला काकडी धरणार नाय."

"अगं, येतीय उद्या!"

माशी आलीच नाय. फुलं गळली. एकबी काकडी न धरता वेल आबाच्या खांद्यावरच वाळली.

आता आबा दार सताड उघडं ठेवतो. माशी दिसली की म्हणतो, "ये बाई, नाचू नगंस."

ती शेजारच्या मोहरीवर जाती.